डिचोलीत डे-केअर सर्जरी सेंटर उभारताना

हर्निया, हायड्रोसील, मूळव्याध, अंगावरच्या गाठी. अशा बहुतेक पेशंटना रात्रभर ठेवायची गरज नसते. सकाळी यायचं, संध्याकाळी घरी. गोव्यात डिचोलीला अशा ऑपरेशनांसाठी जागा बांधायची ठरली तेव्हा पहिल्या नकाशात थिएटर ऐसपैस होतं आणि रिकव्हरी, म्हणजे ऑपरेशननंतर पेशंटला ठेवायची खोली, कोपऱ्यात, दोन खाटांची. आमच्या भूलतज्ज्ञ बाई नकाशा बघून म्हणाल्या, "डॉक्टर, तुमच्या टेबलावर पेशंट पाऊण तास, माझ्याकडे चार तास. मग जागा कुणाला हवी?"

खरंच होतं ते. रिकव्हरी भरलेली असली की थिएटर मोकळं असूनही पुढची केस घेता येत नाही. मग टेबल एकच ठेवलं, खाटा चार केल्या आणि लगतच शौचालय घेतलं. कमरेतून भूल दिलेला पेशंट लघवी होऊन नीट चालू लागेपर्यंत आम्ही सोडत नाही. शौचालयाचं दार बाहेर उघडणारं केलं, कारण आत कुणी चक्कर येऊन पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगावर अडतं.

सगळ्यात जास्त डोकं हवेनं खाल्लं. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो. एनएबीएच म्हणजे रुग्णालयांना मानांकन देणारं राष्ट्रीय मंडळ; त्याच्या निकषांत थिएटरची हवा तासाला किमान २० वेळा बदलायची असते, त्यातली ४ वेळा बाहेरची ताजी. आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत. आणि जुलैत आमच्याकडची बाहेरची हवा म्हणजे ओला पंचाच! नुसती थंड केली तर ती गार होते, पण दमटच राहते. म्हणून आधी खूप थंड करून तिच्यातलं पाणी काढायचं, मग हीटरनं थोडी ऊब देऊन अगदी बारीक कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरमधून आत सोडायची. एसीत हीटर कशाला, वीजबिल बघा, असं कंत्राटदार सांगत राहिला. मी ऐकलं नाही. दमट थिएटरात बुरशी धरते, निर्जंतुक केलेल्या पॅकना ओल लागते. चाचणीही भर पावसातच घ्यायला लावली.

नगरपालिका, नगरनियोजन, अग्निशमन, प्रदूषण नियंत्रण मंडळ यांचे कागद आपापल्या गतीनं आले. कचरा बाहेर नेण्याची वाट नकाशातच वेगळी दाखवली होती, तिचा उपयोग झाला.

सत्तरी तालुक्यातल्या आतल्या गावातून येणाऱ्याला तारीख देण्याआधी आम्ही विचारतो: रात्री सोबत कोण, गाडी कुणाची? आणि कधी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात हलवायची वेळ आलीच, तर टेबलापासून रुग्णवाहिकेपर्यंत स्ट्रेचरला एकही पायरी लागत नाही.