तीन कुलपांची पेटी: केनियातल्या बचत गटाचं पहिलं वर्ष

रत्नागिरीत बरीच वर्षं बचत गटांचं काम केलेलं, त्यामुळे नवऱ्याच्या नोकरीपायी किसुमूला आल्यावर ओळखीच्या एका बाईंनी होमा बे भागातल्या गावात गट बांधायला मदत मागितली, तेव्हा लगेच हो म्हटलं. बायका सगळ्या ओमेना विकणाऱ्या. ओमेना म्हणजे व्हिक्टोरिया सरोवरातली बारकी चंदेरी मासळी. रात्री दिव्यावर पकडतात, सकाळी काठावर जाळी अंथरून वाळवतात आणि बाजारात गोरोगोरो नावाच्या पत्र्याच्या डब्याने मापून विकतात. वास मला घरचाच!

नोंदणी फारशी अवघड नव्हती. 2022 च्या कायद्याप्रमाणे किमान दहा सभासद लागतात. गटाची घटना, ठराव, ओळखपत्रांच्या झेरॉक्स. दोघींची ओळखपत्रंच हरवलेली, तेवढ्यासाठी अडलं.

खरं काम पेटीचं. ही पद्धत 'केअर' संस्थेने 1991 मध्ये नायजर देशातल्या माराडीत सुरू केली आणि मग ती आफ्रिकाभर पसरली. लोखंडी पेटीला तीन कुलपं, किल्ल्या तिघींकडे, पेटी चौथीच्या घरी. दर बैठकीला प्रत्येकीने एक ते पाच शेअर, म्हणजे बचतीचे ठरलेल्या रकमेचे हिस्से, घ्यायचे, जितके शेअर तितके शिक्के पासबुकात. पैसे सगळ्यांसमोर चटईवर ओतून दोघी मोठ्याने मोजतात. उरलेली रक्कम सगळ्यांनी तोंडपाठ करायची आणि पुढच्या बैठकीत पेटी उघडायच्या आधी म्हणून दाखवायची. एम-पेसा इथे 2007 पासून आहे, भाजीवालीसुद्धा मोबाइलवर पैसे घेते. तरी या बायकांना पैसा डोळ्यांसमोर हवा.

शेअर केवढ्याचा, यावर दुपार गेली. तरुण मुली शंभर शिलिंगांवर अडून बसल्या. एक म्हातारी म्हणाली, "एप्रिल ते जुलै ओमेनाची मासेमारी बंद. तेव्हा शंभर कुठून आणशील?" पन्नास ठरले.

कर्ज बचतीच्या तिपटीपर्यंत, फेड तीन महिन्यांत, व्याज परत पेटीत. बंदीच्या काळात बहुतेकींनी एकेकच शेअर घेतला, पण हप्ता कुणी चुकवला नाही. त्याचं एक कारण मला वाटतं असं, की पैसा बाहेरच्या कुणाचा नव्हता, शेजारणीचाच होता.

वर्षाअखेरीला मात्र माझ्या जिवावर आलं. शेअरांच्या हिशोबाने सगळी पेटी वाटून रिकामी करायची! आपल्याकडे 1992 मध्ये नाबार्डने पाचशे गटांचा प्रयोग केला, तेव्हापासून गट म्हटला की बँकेची जोडणी आलीच. साठवलेलं मोडायचं नाही, त्यावर मोठं कर्ज उचलायचं. पण इथे शाळा जानेवारीत सुरू होतात, फी तेव्हाच भरायची. शिवाय वाटप म्हणजेच ऑडिट. निघायचं तिने निघावं, जुनी थकबाकी पुढे ओढत न्यायची नाही. फक्त सचिवालाच कळणारी खातेवही मी कोकणात पुष्कळ गटांत पाहिलीय. ती इथे टिकलीच नसती.

वाटपाच्या दिवशी पैसे कनवटीला लागायच्या आत पुढच्या वर्षाच्या शेअरवरून पुन्हा जुंपली. तो पन्नासच राहिला. आजारपणासारख्या अडचणींसाठी वेगळ्या ठेवलेल्या मदतनिधीची वर्गणी मात्र दुप्पट झाली, कारण मलेरियाने तो ऑगस्टातच संपवला होता.