माझा अनुभव: व्हीटी२२० टर्मिनल आणि जोडाक्षर आलं की वर उडणारा कर्सर

मागच्या उन्हाळ्यात नागपूरच्या इतवारीतल्या एका कबाड्याकडे जुन्या पंख्यांच्या ढिगामागे मला डेक कंपनीचं व्हीटी२२० दिसलं, कीबोर्डसकट, आणि मी भाव न करता उचलून आणलं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, हा काँप्युटर नाही, टर्मिनल आहे, म्हणजे दुसरीकडच्या काँप्युटरला जोडायचा नुसता स्क्रीन आणि कीबोर्ड. १९८३ मध्ये आलेलं, १२ इंची स्क्रीन, २४ ओळी, ८० किंवा १३२ कॉलम, आत इंटेलची ८०५१ चिप. खरं डोकं वायरीच्या दुसऱ्या टोकाला, आणि माझ्याकडे त्या टोकाला रास्पबेरी पाय, हातात मावणारा छोटा काँप्युटर.

प्लग लावायच्या आधी मागचा व्होल्टेजचा स्विच बघितला हे फार बरं झालं, तो ११५ वर होता. तो २३० वर केला, कूलरच्या दमट हवेतून सेट आतल्या खोलीत नेला, दोन दिवस नुसता सुकू दिला आणि मग चालू केला. थोड्या वेळाने स्क्रीनच्या मधोमध 'व्हीटी२२० ओके' आलं आणि मी घरभर सगळ्यांना बोलावून दाखवलं.

त्याच्यापुढे मात्र चार दिवस काहीच नाही. पाय काही पाठवून राहिला की नाही तेच कळेना. केबल सीताबर्डीतून सामान आणून मीच सोल्डर केली होती, २ आणि ३ नंबर उलटसुलट, ७ ला ग्राउंड, बस तीनच तारा. शेवटी केबल काढून टर्मिनलच्या २५ पिनवाल्या पोर्टवरच २ आणि ३ जेमक्लिपने जोडले, म्हणजे जे टाइप करू ते परत स्क्रीनवर यायला पाहिजे. नाही आलं. पण एफ३ दाबून सेट-अपमध्ये 'लोकल' केलं की तीच अक्षरं नीट उमटत होती, म्हणजे कीबोर्ड चांगला, स्क्रीन चांगली, अडलंय ते पोर्टावर. धरमपेठेत आमचे एक काका राहतात, त्यांची अर्धी नोकरी असल्याच टर्मिनलवर गेली. फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाबू, पहिले सेट-अपमधी कोणता पोर्ट घेतला ते पाह्य, मंग केबलीला दोष दे." कम्युनिकेशनच्या पानावर '२० मिलिअँप पोर्ट' निवडलेला होता! आधीच्या मालकाकडे करंट लूपवर, म्हणजे विजेच्या प्रवाहाने निरोप नेणाऱ्या जुन्या जोडणीवर, चालत असणार. तो 'ईआयए पोर्ट, डेटा लीड्स ओन्ली' केला, म्हणजे मोडेमच्या बाकी सिग्नलची वाट न बघता तीन तारांवर भागतं, आणि जेमक्लिपवर अक्षरं परत यायला लागली. संध्याकाळी लाइन गेली आणि सगळं पुन्हा २० मिलिअँपवर. सेट-अपच्या पहिल्या पानावरचं 'सेव्ह' दाबल्याशिवाय काहीच टिकत नाही, 'रिकॉल' म्हणजे सेव्ह केलेलं परत आणणं आणि 'डिफॉल्ट' म्हणजे कंपनीचं, हे तीन शब्द नीट समजून घ्या.

मग स्पीड. पायवर लॉगिन दाखवणाऱ्या एजेटी नावाच्या प्रोग्रामला मी ११५२००, ३८४००, ९६०० असे तीन आकडे दिले होते आणि हे टर्मिनल १९२०० च्या वर जातच नाही, त्यामुळे नुसता कचरा. इथे एफ५ कामाला आलं, ती ब्रेकची की आहे, ब्रेक मिळाला की एजेटी पुढच्या स्पीडवर जातं. दोनदा दाबलं आणि लॉगिन आलं, तेही हिरव्या अक्षरांत. नंतर फक्त ९६०० ठेवलं, ८ बिट, पॅरिटी नाही. एक्सऑफ, म्हणजे टर्मिनलने पायला द्यायचा 'थांब' हा इशारा, ६४ अक्षरं साचली की जाईल असा ठेवलाय आणि तो बंद करू नका, कारण स्मूथ स्क्रोल लावलं की (आणि लावाच, ओळी अशा सरकत वर जातात की बघत बसावं वाटतं) टर्मिनल मागे पडतं आणि 'थांब' सांगायला दुसरा मार्ग नसतो. व्हीआय एडिटर वापरणाऱ्यांनो, या कीबोर्डवर एस्केप नाहीये. व्हीटी१०० मोडमध्ये (आधीच्या मॉडेलसारखं वागताना) एफ११ एस्केप पाठवते, व्हीटी२२० मोडमध्ये नाही, तिथे कंट्रोल आणि चौकोनी कंस.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहून राहिलो ते. मी एक मराठी फाइल कॅट केली, म्हणजे त्या कमांडने स्क्रीनवर ओतली. देवनागरी दिसणार नाही हे माहीत होतं, पण कर्सर वर उड्या मारायला लागला, मधला मजकूर गायब. रात्रभर बाइट काढून बघितले. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मराठी साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, आपलं प्रत्येक अक्षर, मात्रा, हलन्त तीन बाइटचं, आणि हलन्ताचा (जोडाक्षरातलं पाय मोडायचं चिन्ह) तिसरा बाइट ८डी (हे सोळाच्या पद्धतीतले आकडे), जो या टर्मिनलसाठी 'एक ओळ वर जा' असा हुकूम आहे. म्हणजे 'महाराष्ट्र' लिहिलं की कर्सर दोन ओळी वर! 'छ' चा शेवटचा बाइट ९बी, तो कंट्रोल सिक्वेन्सची, म्हणजे टर्मिनलला द्यायच्या लांब हुकुमाची सुरुवात. आणि 'ऐ' चा ९०, त्याच्यानंतर टर्मिनल सगळं गिळत राहतं, थांबायचा बाइट ९सी, आणि तो 'ज' मध्ये आहे. मला रडूच यायचं बाकी होतं, इतकं सुंदर वाटलं ते.

म्हणून पायचं लोकॅल (भाषेची सेटिंग) 'सी' वर, म्हणजे साध्या इंग्रजीवर ठेवलंय. पण व्हीटी२२० मध्ये बाहेरून आपल्या आकाराची ९४ अक्षरं उतरवता येतात, तर मी आता ठिपक्यांनी देवनागरी काढतोय. मात्रा वेगळी बसत नाही, 'पू' ला स्वतःचा चौकोन लागतो, बाराखडी ९४ मध्ये मावणार नाही. बंद केलं की अक्षरं जातात म्हणून लॉगिनला पायच पुन्हा पाठवतो. ना, ग, पू, र झालेत. काल आईने चष्मा लावून वाचलं.