पिवळी पिन

पाऊस उघडून चार दिवस ऊन पडलं, की बेळगाव-खानापुराकडे गाद्या, गोधड्या अंगणात येतात. ट्रंका उघडतात. आणि एखाद्या ट्रंकेच्या तळाशी लग्नाची व्हीएचएस कॅसेट निघते, सोबत गुंडाळलेली पिवळी-पांढरी-लाल वायर. ही वायर कोणी टाकत नाही. तिचं यंत्र भंगारात जाऊन जमाना झाला तरी नाही.

पिवळ्यातून चित्र, पांढऱ्यातून डावा आवाज, लालमधून उजवा. स्वस्तातल्या वायरीत तिन्ही आतून सारख्याच असतात. दोन्ही टोकांना एकच अदलाबदल केली तरी चालतं. चुकते ती दिशा. औटमध्ये औट घालायचं आणि निळा पडदा बघत बसायचं. ‘आलं का?’ ‘नाही गा, निळंच.’ कौलावर चढून अँटेना फिरवायच्या काळातही हाच संवाद होता. शेजारच्या कौलावरून कानडीत ‘बंता?’, आपल्या खिडकीतून ‘आलं आलं, तिथंच धर!’ सीमाभागात शब्दाशब्दावरून वाद झाले, पण इन आणि औटला प्रतिशब्द कोणी मागितला नाही.

कॅसेटचं यंत्र, म्हणजे व्हीसीआर, टीव्हीच्या शेजारी नाही, वाटेत बसवायचा असे. अँटेनाची वायर आधी त्याच्यात, तिथून टीव्हीत. त्याच्या पोटात स्वतःचा ट्यूनर असल्यामुळे आपण एक चॅनल बघावं आणि त्यानं दुसरं टिपावं, ही चैन होती. सेट टॉप बॉक्स आला आणि ती गेली. बॉक्सवर जे लावलंय तेच पिवळ्या पिनेतून बाहेर पडणार.

टिपण्याच्या या सोयीनं घात मात्र बरेच केले. कॅसेटच्या पाठीवर डावीकडे प्लॅस्टिकचा एक चिमुकला तुकडा असतो. तो स्क्रू ड्रायव्हरनं मोडला की त्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. लग्नाच्या कॅसेटचा तो पहिल्याच दिवशी मोडायचा, हे निम्म्या घरांना माहीत नव्हतं. म्हणून अंतरपाट धरला जातो, भटजी मंगलाष्टकं सुरू करतात आणि एकदम क्रिकेट.

आताच्या एचडीएमआय वायरीत १९ पिना, एकाच तोंडात चित्र आणि आवाज. होम थिएटरचा आवाज येत नसेल तर टीव्हीच्या ज्या भोकाखाली ‘एआरसी’ (टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणारी सोय) लिहिलंय तिथंच वायर आहे का ते आधी बघावं, मग सेटिंगमध्ये सीईसी, म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी बोलायची सोय, चालू करावं. ऑप्टिकल वायर लावली असेल तर टोकावरची पारदर्शक टोपी काढायची राहिलेली असते. घूं असा आवाज येत असेल तर केबलची वायर काढून बघा. आवाज थांबला तर दोष अर्थिंगचा, स्पीकरचा नव्हे. हे सगळं जमतं. पण नक्कल होऊ नये म्हणून एचडीएमआयचा पाठवणारा डबा घेणाऱ्याला आधी ओळख विचारतो, आणि रेकॉर्डरला तो बहुधा दारातूनच परत धाडतो. सेट टॉप बॉक्सनं पेन ड्राइव्हवर टिपलेलं बहुतेक वेळा त्याच बॉक्सवर चालतं. पिवळ्या पिनेला असलं सोवळं नव्हतं.

तर ती कॅसेट. आधी तिच्या खिडकीतून बघायचं. टेपच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर बुरशी आहे. आपल्या पावसात धरतेच. तशी यंत्रात घातली तर हेड, म्हणजे फिरत्या ड्रमवरचं टेप वाचणारं टोक, भरतं आणि पुढची कॅसेटही नासते. हेड पुसायचं ते आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या हरणकातड्यासारख्या मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडानं. कापड स्थिर धरून ड्रम हातानं फिरवायचा. वर-खाली घासलं की हेडचं टोक मोडलंच. शेवटच्या उत्पादकानंही २०१६ साली व्हीसीआर बनवणं थांबवलं, तेव्हा नवं हेड मिळणं कठीण.

मग व्हीसीआरच्या औटमधून यूएसबी कॅप्चर कार्डात (चित्र-आवाज संगणकात घेणारी डबी), कार्ड थेट लॅपटॉपमध्ये. मध्ये हब (एका यूएसबीची अनेक तोंडं करणारा डबा) घातला तर फ्रेमा गळतात आणि ओठ पुढे, आवाज मागे होतो. सॉफ्टवेअरमध्ये आपल्याकडची टीव्ही पद्धत ‘पाल’ (PAL) निवडा, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेमा. अमेरिकेची ‘एनटीएससी’ राहिली तर चित्र काळं-पांढरं, वर गरगरणारं. व्हीसीआरला आवाजाचं एकच भोक असेल तर एकाच कानात सनई वाजते. एकाचे दोन करणारी पिन मिळते, तेवढी आणायची. खालच्या कडेला दोन-चार ओळी थरथरतात, त्यांच्या नादी लागू नये. त्या सगळ्यांच्याच थरथरतात.

घाई इथं चालत नाही. तीन तासांची कॅसेट तीनच तास घेते आणि साधारण ८ जीबी खाते. मध्येच वीज गेली तर व्हीसीआर थांबतो आणि अर्धवट फाइल कधीकधी उघडतच नाही, म्हणून अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे करावेत. दुपारी दोनला लावलं तर हळद, वरात, सीमांतपूजन चहापर्यंत उरकतं. अक्षता पडेपर्यंत वीज राहिली म्हणजे झालं, पंगत उद्या.