पद्मिनीचा टीडीसी : अखेर मध्य एका जागी थांबला

माझ्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या क्रँक पुलीवरची टीडीसीची (पिस्टन अगदी वरच्या टोकाला असण्याच्या क्षणाची) खूण खोटी आहे हा माझा संशय खरा ठरला. ती खूण ज्याच्यासमोर धरायची तो टायमिंग कव्हरवरचा पॉइंटर चक्क ४ अंश चुकीचा! टायमिंग कव्हर दुसऱ्याच कुठल्या इंजिनाचं असणार. पुस्तकाप्रमाणे इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) ठेवूनही कात्रजच्या चढाला नॉकिंग (इंजिनाची ठकठक) का व्हायचं, ते आता कळलं.

प्लगच्या भोकात स्क्रू-ड्रायव्हर घालून ‘पिस्टन वर आला’ म्हणणं मला मान्य नाही. ७५ मिमी स्ट्रोकमध्ये टीडीसीपासून २ अंशांवर पिस्टन जेमतेम ०.०३ मिमी खाली असतो. बोटाला काय कळणार? बेकर कंपनीचा डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं माप) माझा लाडका, पण भोक तिरकं, काडी पिस्टनवरून घसरते. म्हणून पिस्टन स्टॉप, म्हणजे प्लगच्या भोकात बसवून पिस्टनला वाटेत अडवणारा दांडा.

स्टॉपचा हिशोब सरळ आहे. क्रँक एका बाजूने फिरवून पिस्टन टेकवा, खूण करा. उलट फिरवून टेकवा, खूण करा. दोन्हींचा मध्य म्हणजे टीडीसी. पण माझा मध्य दर वेळी पाऊण-पाऊण अंश सरकत होता. डोकं फिरायची वेळ आली. शेवटी टॉर्च मारून आत पाहिलं, तर टोक टेकतं तिथे कार्बनच्या थरात चकचकीत खळगा. दर वेळी कार्बन थोडा दबत होता. त्यात बाजारातला तयार स्टॉप आखूड, टीडीसीच्या जेमतेम ५ अंश आधी टेकणारा. तिथे ०.१ मिमी म्हणजे खूण जवळपास दीड अंश हलते. तेच ३० अंशांवर टेकवलं तर फक्त पाव अंश!

मग जुन्या प्लगचं पोर्सेलीन फोडलं, बॉडीत १० मिमीचा टॅप मारला, लांब बोल्ट आणि चेक नट. नाना पेठेतल्या लेथवाल्याने बोल्टचं टोक इतकं सुरेख गोल करून दिलं की काय सांगू. व्हॉल्व्हला लागत नाही ना ते पाहिलं, बाकीचे प्लग काढले आणि क्रँक नटला पाना लावून हाताने फिरवलं. स्टॉप आत असताना स्टार्टरला हात लावायचा नाही. परत परत मोजलं, डिग्री व्हीलवर (क्रँकला लावलेल्या अंशांच्या चकतीवर) मध्य तोच. काय समाधान वाटलं!

पॉइंटर वाकवणार होतो, पण लिहितानाच विचार बदलला. पुलीवर कानशीने नवी खूण घालतो, जुनीत पांढरा रंग नको. आणि व्हील लागलेलंच आहे, तर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमचं टायमिंगही मोजून घेतो. कॅम फिरवणारी चेन जुनी आहे. प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर त्यानंतरच, ४ नंबर सिलिंडरचे व्हॉल्व्ह रॉक होताना (एक मिटत, दुसरा उघडत असताना) १ नंबर कॉम्प्रेशनवर धरून. मॅन्युअलमधलं व्हॉल्व्ह टायमिंगचं पान कुणाकडे स्वच्छ असेल तर फोटो टाका, माझ्या प्रतीत नेमके तेच आकडे ग्रीसखाली गेलेत.