आजीची वारी, तिच्याच शिस्तीने

ज्ञानेश्वर माउलींची पालखी पंढरपूरसाठी आळंदीतून हलते ज्येष्ठ वद्य अष्टमीला. आमच्या आजीची वारी मात्र वैशाखातच सुरू व्हायची, आणि तीही स्वयंपाकघरात. कुरडया-पापड वाळून डब्यात जायचे, कैरीचं लोणचं बरणीत मुरायला लागायचं, गहू-ज्वारी निवडून, ऊन दाखवून, कडुनिंबाचा पाला घालून कणगीत भरली जायची. दळण मात्र ती तीन आठवड्यांपुरतंच काढून ठेवायची, कारण पावसाळी हवेत पिठाला जाळी धरते. मागे राहिलेल्यांचे हाल करून केलेली वारी तिला मान्य नव्हती. सून बाळंत असेल किंवा पेरणी खोळंबली असेल, तर त्या वर्षी ती घरी राहायची आणि घरातलं दुसरं कोणीतरी चालायचं. वारी घराण्याची असते, एका माणसाची नव्हे, हे तिच्याइतकं सरळ कोणी पाळलेलं आम्ही पाहिलं नाही.

तिच्यामागे वारी आता सुनांकडे आणि नातींकडे आली आहे. चालताना आजीची आठवण येते ती बहुतेक वेळा एखाद्या अडचणीच्या जागी.

सामानापासूनच सांगते. अंगावर एक लुगडं, पिशवीत दुसरं. एवढ्यात भागतं. आदल्या मुक्कामी धुतलेलं रात्रीत वाळत नाही, मग दोघींनी त्याची दोन टोकं धरून चालायचं. वारं असलं तर तासाभरात काम होतं. ताट, वाटी, तांब्या नाव कोरलेलेच न्यायचे, नाहीतर पंगतीनंतर अदलाबदल ठरलेली. ट्रकमध्ये टाकायच्या बोचक्याला लाल चिंधी बांधायची, कारण अंधारात सगळी बोचकी सारखीच दिसतात. अंथरुणाखाली आणि अंगावर असे मेणकापडाचे दोन तुकडे हवेत. खांद्यावरच्या झोळीत दोन-तीन किलोंपेक्षा जास्त ओझं नको. चपला नव्या घेतल्या तर महिनाभर आधी घालून फिरायचं, आणि त्या किंचित सैलच घ्यायच्या. फलटण येईतो पाय सुजलेले असतात.

आजी तुळसवाल्यांत चालायची. दिंडीत पुढे पताका, मग टाळकरी, मृदंगी, विणेकरी आणि त्यांच्या मागे तुळशी-हंडे घेतलेल्या बाया. डोक्यावर तुळशीचं वृंदावन घेणं फोटोत सोपं दिसतं. त्याखाली डोक्यावर ठेवायची कापडाची गोल चुंबळ जुन्या सुती लुगड्याचीच करायची, कारण सिंथेटिक साडीची चुंबळ घामाने सरकते. कापडाला फार पीळ देऊ नये, कडक चुंबळ टाळूला रुतते. साधारण तीन बोटं जाड आणि वरून सपाट अशी ती बसली पाहिजे. वृंदावनात माती निम्मीच, आणि तीही भुसभुशीत. चिकण माती पाणी धरून ठेवते आणि दुपारपर्यंत मानेला कळतं. पाणी सकाळी ओंजळभर आणि विसाव्याला ओंजळभर. मंजिऱ्या खुडत राहिलं की रोप तरतरीत राहतं. मान दुखते ती वजनाने कमी आणि पायांकडे बघत चालल्याने जास्त, म्हणून आजी नजर दहा-बारा हात पुढे ठेवायला लावायची. तुळस दोघींत एक असावी, म्हणजे तासा-तासाने डोकं बदलता येतं. एकटीने दिवसभर मिरवण्यात तिला काही भक्ती दिसत नसे.

खरी परीक्षा पुणे ते सासवड. सगळ्या वाटेतली ही मोठी मजल, तीसेक किलोमीटर, वर दिवे घाट आणि बहुधा त्याच दिवशी एकादशी. चक्कर येऊन बसलेल्या बाया तिथे हमखास दिसतात. त्याला नुसता उपास कारण नाही. पुण्यातून काळोखात निघायचं, हडपसरपर्यंत गर्दीत रखडायचं आणि ऊन चढल्यावर घाटाला लागायचं. त्यातून बाया पाणीच पीत नाहीत, कारण जायचं कुठे हा प्रश्न असतो. सकाळपासून घोटभर पाण्यावर चाललेली बाई घाटात डोकं धरते आणि जेजुरीला पोचेतो लघवीची जळजळ घेऊन डॉक्टरांच्या तंबूत बसते. ही गोष्ट कीर्तनात कोणी सांगत नाही, म्हणून इथे स्पष्ट लिहिते.

आजीचा उपाय असा: पहाटे तिघी-चौघींनी मिळून आधी उरकून यायचं, एकटीने अंधारात जायचं नाही, निघण्याआधी पोटभर पाणी प्यायचं आणि वाटेत अर्ध्या-अर्ध्या तासाने दोन-चार घोट घेत राहायचं. आता मुक्कामाच्या गावांत फिरती शौचालयं उभी असतात, पण उजाडल्यावर रांग आवरत नाही; तीनला उठणारीला अडचण येत नाही. एकादशीला वाटेत जागोजागी साबुदाण्याची खिचडी मिळते. ती तेलकट असली तर तहान भडकते, म्हणून आजी उकडलेली रताळी, खजूर आणि राजगिऱ्याचा लाडू जवळ बाळगायची. सोबत सैंधव-साखर घातलेलं लिंबाचं पाणी. घाटात मधेच थांबू नये, मागचा लोंढा ढकलतो. थांबावंच लागलं तर डोंगराच्या बाजूला, दरीच्या बाजूला नाही. भजन सोडू नये. श्वास तालावर पडला की चढ जाणवत नाही, हे कुणालाही करून बघता येईल.

सासवडला दोन मुक्काम असतात, आणि पायांची डागडुजी तिथेच करून घ्यायची. आजीचं रात्रीचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "पाय दाखव आधी. देव कुठं पळून जात नाही." फोड आला असेल तर कातडं ओढून काढायचं नाही, ते खालच्या जखमेचं झाकण असतं. पाय धुऊन, कोरडे करून कोकमतेल लावायचं आणि सकाळी फोडावर स्वच्छ फडकं बांधायचं. मांड्या घासून सोलवटतात त्यावर खोबरेल, पण ते निघायच्या आधी. सोलवटल्यावर लावलं तर नुसती आग होते. मधुमेह असलेल्या बाईने फोड अंगावर काढू नये, सरळ दवाखान्याच्या तंबूत जावं.

पुढची वाट तुलनेने सपाट आहे. नीरेला पादुकांचं स्नान, तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण, म्हणजे वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून माउलींचा अश्व धावतो. लोणंद-फलटणचे मुक्काम तिथीच्या वाढी-घटीप्रमाणे कमी-जास्त होतात, तेव्हा नोकरीवाल्यांनी रजेत एखादा दिवस सैल ठेवावा. वाटेत खायला इतकं मिळतं की पोट बिघडतं ते उपाशीपोटी नाही, तर सगळं घेतल्याने. तव्यावरची भाकरी, गरम पिठलं बिनधास्त खावं. चिरून ठेवलेली फळं, गार ताक, उघड्या पिंपातलं सरबत नको. झोपताना ट्रकखाली किंवा ट्रकला टेकून कधीच झोपू नये, पहाटे गाडी हलते तेव्हा अंधारात ड्रायव्हरला काही दिसत नाही. आणि संध्याकाळच्या समाजआरतीला तळावर हजर राहावं. चोपदार दंड वर करतात, एवढा समुदाय क्षणात गप्प होतो, मग हरवलं-सापडलं आणि दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ पुकारतात. आजीचा चष्मा एका वर्षी तिथेच परत मिळाला होता.

पंढरपुरात एकादशीला पदस्पर्शाची रांग एका दिवसाहून जास्त लांबते. आजी त्या रांगेत उभी राहिली नाही. चंद्रभागेचं स्नान, नगरप्रदक्षिणा, नामदेव पायरी, कळसाचं दर्शन, की तिची वारी पोचली. गुडघे दुखत असतील तर आम्हीही तेच सांगतो. कळसाला हात जोडून परतणारे वारकरी पुष्कळ आहेत आणि त्यांना काही कमी पडलं असं वाटत नाही. पण द्वादशीला पारणं सोडून लगेच गाडी पकडणं तिला चालत नसे. पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाल्याशिवाय ती हलायची नाही.

प्रसादाची यादी ती तोंडपाठ करून यायची: कुठल्या घरी कुंकू, कुठे बुक्का, कोणाच्या लेकीला बांगड्या, कोणत्या म्हातारीला तुळशीची माळ. बत्तासे आणि चुरमुरे सगळ्यात शेवटी, निघायच्या दिवशी घ्यायचे, आणि दुहेरी पिशवीत गाठ मारून. दमट हवेत दोन दिवसांत चिवट होतात. एसटीचे पैसे घरून निघतानाच वेगळे काढून ठेवायचे, ते प्रसादाच्या खरेदीत मोडायचे नाहीत. काल्याच्या दिवशी स्टँडवर पाय ठेवायला जागा नसते, दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी बरी पडते.