आज तूं येवं नाका

सकाळी पोदेराचा, पाववाल्याचा, भोंपू वाजून गेला, चहा झाला, मी चपला घालून पडवीत उभी होते. आई डोक्याला रुमाल बांधत बाहेर आली आणि म्हणाली, "आज तूं येवं नाका गो. हांव एकलीच वतां." तू येऊ नको, मी एकटीच जाते. रागाने नाही, नेहमीच्याच आवाजात. फाटक ओढून घेतलं आणि शेताच्या वाटेला लागली.

आता रात्र झाली, सगळे झोपले, आणि ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

मी रजा टाकून चोडणला, माहेरी, आले ती तिच्यासाठी. मार्चअखेरची कामं, मुलीची परीक्षा, सगळं पणजीला ठेवून. आप्पा गेल्यावर ती उंबऱ्याबाहेर पडत नव्हती, तेव्हा रोज फोन करून "आई, बांधापर्यंत तरी जाऊन ये, जरा मोकळ्यावर बस" म्हणून तिच्या मागे लागणारी मी. दादा म्हणायचा, तिला उगाच त्रास देऊ नको. दादाचं आज नको. तर आता ती जाते, रोज जाते. चेहऱ्यावर रया आलीय, पेज पोटभर खाते, रात्री झोप लागते. आणि मी सोबत चालायला लागले तर मी नको.

मी नको, हेच मला सलतंय. एकटं जायचं होतं तर तसं म्हणायचं, हे तरी कसं म्हणू? तिने तसंच तर म्हटलं. तरीही मला ऐकू आलं ते वेगळंच.

तिच्या मागे लागायचे ते काही नुसतं मनाला वाटलं म्हणून नाही. आप्पांच्या आजारपणात झोप उडाली होती तेव्हा रात्र रात्र वाचत बसायचे. इंग्लंडमध्ये जवळजवळ २०,००० लोकांना विचारून केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये आला. आठवड्यातून १२० मिनिटं तरी झाडापाण्यात घालवणारे लोक आपली तब्येत चांगली आहे, मन ठीक आहे असं जास्त सांगत होते. ती दोन तासांची भर एका दिवसात घाला नाहीतर थोडी थोडी, फरक पडत नव्हता. ते वाचून मी मनातल्या मनात आईचा हिशेब मांडला होता, बांधापर्यंत जाऊन यायला किती वेळ, आठवड्याचे किती होतील. दुसरा अभ्यास त्याहून जुना, १९८४ चा, रॉजर उलरिक यांचा. अमेरिकेतल्या एका रुग्णालयात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले रुग्ण. काहींच्या खिडकीतून झाडं दिसत होती, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेची कडक औषधंही कमी लागली. आप्पांच्या खाटेवरून भिंतच दिसायची. मी नर्सला एकदा विचारलंही होतं खाट फिरवता येईल का म्हणून, पण...

असो.

आई गेल्यावर घरात बसवेना. सुमाकाकी विचारणार, आज गेली नाहीस का गं आईबरोबर, आणि मी काय सांगणार? म्हणून उलट दिशेला गेले, फेरीधक्क्याकडे. धक्क्याला लागूनच पक्षी अभयारण्य आहे, सलीम अली यांच्या नावाचं. पावणेदोन चौरस किलोमीटरचं, पण आत शिरलं की मांडवी, पलीकडचं रायबंदर, धक्क्यावरच्या गाड्या, सगळं कांदळवनामागे जातं. पायवाटेच्या कडेला बसले. फोन पर्समध्येच ठेवला.

पहिला काही वेळ मी तिथे नव्हतेच. आईशी भांडत होते. तुला माझ्याशी बोलायचं नाही का, मग मी येऊ तरी कशाला, पणजीला परत जाते. डोळेही भरून आले. मग समोर तिवराची फांदी होती तिचं एक पान जवळ घेतलं. पानावर बारीक, पांढरे कण. जिभेला लावलं तर स्वच्छ मीठ. खारं पाणी पिऊन तिवर नको असलेलं मीठ पानांवाटे बाहेर टाकतो, हे आप्पांनीच लहानपणी दाखवलं होतं, असंच पान चाटायला देऊन. खाली चिखलात तिवराची मुळं बोटं वर काढल्यासारखी उभी, श्वास घेणारी. त्यांच्यामध्ये निवट्या, चिखलातले ते मासे, सरपटत होत्या. एक छोटा खेकडा, एकच नांगी भलीमोठी, ती वर करायचा आणि खाली आणायचा, पुन्हा वर. खंड्या दोनदा येऊन गेला. कितीतरी वेळ मी त्या खेकड्याकडेच बघत होते. मानसशास्त्रज्ञ कॅप्लन पतिपत्नींनी मांडलेलं तेही मी वाचलं होतं: अशा गोष्टी आपलं लक्ष जोर न लावता धरून ठेवतात आणि एरवी राबून थकलेलं लक्ष तेवढा वेळ विसावतं. वाचलं तेव्हा पटलं होतं. आज मात्र ते अंगात उतरलं, खांदे खाली आले, आणि मग कळलं की पाणी हटतंय. मुळांचा ओला पट्टा मी बसले तेव्हापासून बराच खाली गेला होता. ओहोटी लागली होती.

तिथे मला आईच्या वेळा आठवल्या.

आल्यापासून मी बघत होते, हिच्या फिरण्याला काही धरबंदच नाही. आधी उजाडता उजाडता जायची, पुढच्या दिवशी त्याहून उशिरा, आज चहा होऊन वर अर्धा तास गेल्यावर. मी म्हणतही होते, आई, एक वेळ ठरव, ऊन होतं. ती हो म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी आणखी उशिरा निघायची. भरती-ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. नदीकाठच्या घरात वाढलेल्या मला हे कोणी सांगायला नको.

आई मानशीवर जाते. आप्पा जायचे त्या वेळेला.

आमच्या खाजनाच्या, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेल्या शेताच्या, बांधात मानस आहे, पाणी आतबाहेर होण्याचं दार, जुनी, जांभ्या दगडाची. भरतीचं पाणी बाहेरून दाराला रेटतं आणि दार आपसूक मिटतं. ओहोटीला नदी उतरली की आतल्या पाण्याच्या रेट्याने तेच दार उघडतं. कोणी हात लावायचा नसतो, पण लक्ष ठेवावं लागतं. फांदी अडकली, फळी कुजली तर खारं पाणी शेतात, आणि पावसाने मीठ धुऊन काढीपर्यंत कोरगुट, खाऱ्या जमिनीत तग धरणारा भात, तोसुद्धा नीट होत नाही. आप्पा कॅलेंडरवर पेन्सिलीने वेळा लिहायचे, आणि दार उघडायच्या आत तिथे जाऊन बसायचे. आई त्यांच्याबरोबर कधी गेल्याचं मला आठवत नाही. ती घरी पेज ठेवायची.

कॅलेंडर यंदाचं आहे. पेन्सिलीचे आकडे आहेत. अक्षर आईचं. आज संध्याकाळी बघितलं.

गेले काही दिवस मी तिच्याशेजारी चालत होते, गोळ्यांचं विचारत होते, दादाचं, पलीकडच्या जमिनीचं. ती उत्तरं देत होती. तेवढ्यात दार उघडून गेलं असेल.

लागलं ते लागलंच, अजून लागतंय. मला वाटत होतं तिला बरं करायचं ते मी करायचं, माझ्या सोबतीने. पण तिचं बरं होणं त्या बांधावर, त्या वेळेला, तिच्या आणि आप्पांच्या मध्ये चाललंय आणि तिथे माझी जागा नाही. मुलगी असले तरी नाही. हे लिहिताना सकाळी आला तसा हुंदका येत नाही, एवढं खरं. ती जाते आहे, चालते आहे, भूक लागून घरी येते आहे. मला हेच हवं होतं. ते माझ्याशिवाय झालं तरी हवंच आहे.

जेवताना मी एवढंच विचारलं, दार नीट चालतं ना गं? तोराचं मिस्कूट, कैरीचं लोणचं, माझ्या पानात वाढता वाढता ती बोलायला लागली ती थांबेचना. डाव्या बाजूची खालची फळी कुजलीय, भरतीला पाणी झिरपतं, शेतकऱ्यांच्या संघटनेच्या माणसांना दोनदा सांगितलं, पावसाआधी व्हायला हवं, पावणी, म्हणजे मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव, घेतलेला माणूस फक्त जाळं लावतो आणि मासे घेऊन जातो. आप्पांचा सुतार कोण, त्याचा नंबर कुठे आहे, हे तिला माहीत नव्हतं. मी आप्पांची वही काढली. नंबर सापडला.

उद्या सकाळी ती गेल्यावर त्याला फोन करते. माप घ्यायला येणार असेल तर ओहोटीच्या वेळेलाच ये म्हणून सांगायचंय, आणि आईला आधी विचारायचं, कुठला दिवस चालेल.