बाळूची शू आणि माझे अकरा दिवस

म्हातारं मांजर घरात कुठेही शू करायला लागलं तर 'रुसलंय', 'मुद्दाम करतंय' असलं काही डोक्यात आणू नका. मी दोन महिने आणलं, म्हणून सांगतेय.

बाळू आमचा बोका, वय चौदा. एवढ्या वर्षांत ट्रेच्या बाहेर कधी थेंब नाही. गेल्या पावसाळ्यात बाथरूमबाहेरचं पायपुसणं ओलं लागलं. पावसाचं असेल म्हणून मी ते नुसतं वाळत टाकलं. मग धुतलेल्या कपड्यांचा ढीग झाला, मग रद्दी, आणि शेवटी सासूबाईंच्या गादीचं पायथ्याकडचं टोक. जुलै महिन्यात डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये कापसाची गादी वाळवणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. आई म्हणाल्या, "अगं, म्हातारपण आहे. माणसांचं होतं, तर ह्याचं का नाही?" आणि त्यांनी पाण्याचं भांडं उचलून ठेवलं. कमी प्यायला की कमी मुतेल, असा हिशोब. हे कृपा करून कोणी करू नका. तो बिचारा चार दिवस बाथरूमचा गळका नळ चाटत होता आणि आम्ही त्याला हाकलत होतो.

शेवटी घराजवळच्या दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी पोट चाचपलं, युरीन तपासायला हवी म्हणाले आणि हातात एक छोटी बाटली दिली. काउंटरवरच्या मुलीने नियम सांगितले: सॅम्पल सकाळी दहा ते बारा, आणि दोन तासांच्या आतलंच. मी मान डोलावली. जणू बाळू घड्याळ लावून बसणार होता.

पहिल्या दिवशी ट्रे घासून, पुसून रिकामा ठेवला. बाळू आत डोकावला, माझ्याकडे बघितलं आणि रद्दीवर जाऊन बसला. मग कोणीतरी सांगितलं की फिशटँकमधले खडे घाला, ते शू शोषत नाहीत. दोन किलो खडे आणले, उकळत्या पाण्याने धुतले. ही युक्ती खरंच चालते. फक्त बाळूने ती रात्री दोन वाजून वीस मिनिटांनी चालवली. मी झोपेतून उठून, ट्रे तिरका करून, बिनसुईच्या सिरिंजने पाच मिली ओढून घेतलं आणि बाटली दोन पिशव्यांत गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवली. सकाळी आईंनी दुधाची पिशवी काढायला दार उघडलं, त्यावर मी काही लिहीत नाही.

दहा वाजता काउंटरवर. "मॅडम, रात्रीचं चालत नाही." फ्रिजमध्ये होतं म्हटलं. "नाही चालत." पुढे दुसऱ्या डॉक्टरांकडून कळलं की लघवी घट्ट आहे की पातळ, हे बघायला फ्रिजमधलं सॅम्पल चालतं. थंडीमुळे त्यात नवे स्फटिक तयार होऊ शकतात, तेवढा भाग मात्र फसवा. पण हे सांगायला काउंटरवर कोणी असेल तर ना!

पुढचे दोन-तीन दिवस तो नेमका रात्रीच जायचा. मग मी पहाटे सहापासून त्याच्या मागे, हातात आमटीचा डाव. गॅलरीच्या कोपऱ्यात तो बसला, शेपूट थरथरली, आणि मी मागून हळूच डाव सरकवला. त्याने मान वळवून माझ्याकडे जे बघितलं ते मी जन्मात विसरणार नाही. दोन चमचे मिळालं असेल, पण मला वर्ल्डकप जिंकल्यासारखं वाटलं. वेळेच्या आधी, दहाला वीस कमी असताना दवाखान्यात हजर. "आज लॅबचा मुलगा आला नाही."

त्यानंतरच्या खेपेला झाकण तिरकं बसलं आणि सगळं माझ्या पर्समध्ये सांडलं. ट्रेनच्या पासासकट.

अकराव्या दिवशी रिक्षा केली आणि वैतागून दुसऱ्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरीण बाईंना सॅम्पल नसल्याचं घाबरतच सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं. ट्रेमधल्यापेक्षा मूत्राशयातून घेतलेलं चांगलं." बाळूला आडवा धरला, सोनोग्राफीत बघून बारीक सुई घातली, ओढली, संपलं. तो ओरडलासुद्धा नाही. एक थेंब लगेच काचेवर टाकून घट्टपणा मोजला: १.०१४. मांजराची लघवी साधारण १.०३५ च्या वर, म्हणजे चांगली घट्ट लागते. उरलेली कल्चरला, म्हणजे जंतू उगवतात का ते बघायला गेली, कारण त्यासाठी असं निर्जंतुक सॅम्पलच लागतं. त्यात काही उगवलं नाही. रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, ३.१, वाढलेलं. किडनीच्या आजाराच्या चार पायऱ्यांपैकी तिसरी. अकरा दिवस मी डाव घेऊन फिरत होते आणि काम दोन मिनिटांचं होतं! तेव्हा पहिल्याच भेटीत विचारा: "सुईने घेता का?"

वर बाईंनी मागचे पाय हलवून बघितले. कमरेचे सांधे दुखत होते. म्हणजे किडनी पाणी धरत नाही म्हणून मूत्राशय सारखं भरतं, आणि ट्रेची भिंत ओलांडताना कंबर दुखते. पायपुसणं सपाट असतं, मऊ असतं. त्याचं काय चुकलं?

आता ट्रे म्हणजे कपडे धुवायचा मोठा टब, एक बाजू तीन इंचांपर्यंत कापलेली, कडा चिकटपट्टीने मऊ केलेली. दुसरा तसाच गॅलरीत. पॅसेजमध्ये रात्रीचा छोटा दिवा. पाण्याची भांडी चार. खाणं किडनीचं, ओलं. आधी नाक मुरडलं, हळूहळू जुन्यात मिसळून दिलं तेव्हा खाल्लं. आठवड्यातून दोनदा कातडीखाली सलाइन, ते मी घरीच द्यायला शिकले. पहिल्यांदा सुई माझ्याच बोटात गेली.

हां, फिनेल. आई रोज त्या जागा फिनेलने पुसायच्या. काही फिनेलांत फिनॉल असतं, ते मांजराच्या यकृताला पचत नाही आणि ते पाय चाटतं तेव्हा सरळ पोटात जातं. अमोनियावालं क्लीनरही नको, त्याला ते शूसारखंच वाटतं. एन्झाइमवालं आणा, ओतून दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्या, घासू नका. जुने डाग दिसत नसतील तर रात्री दिवे बंद करून यूव्ही टॉर्च मारा. मी मारला तेव्हा सोफ्यामागची भिंत बघून खालीच बसले. सांधे दुखतात म्हणून पॅरासिटामॉल तर चुकूनही देऊ नका, एका गोळीनेही मांजर जातं. आणि बोका सारखा बसतोय, ताण देतोय, पण थेंबही येत नाही असं दिसलं तर हे सगळं वाचत बसू नका, त्याच तासाला उचलून न्या.

बाळू आता पंधराचा आहे. आठवड्यातून एखादं पायपुसणं अजून भिजतं, म्हणून सात आणून ठेवलीत. आईंची गादी रेक्झिनच्या खोळीत आहे. डाव गॅलरीत खिळ्याला टांगलाय, आणि आमटीसाठी आईंनी नवा आणलाय.